मल्हारच्या खांद्यावरची घोंगडी

साहेब, तुम्ही खोटी सही केलीत.

कारखाना तपासायला आलेली तुमची सरकारी जीप दारात थांबली. तुम्ही उतरलात, लिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसलात, चहा घेतलात, दोन बशा भजी खाल्लीत आणि वहीत लिहिलंत, 'कामगारांच्या सुरक्षेची व्यवस्था समाधानकारक.' त्या दिवशी सकाळी कपाटातून नवे कोरे हातमोजे निघाले होते आणि संध्याकाळी ते मोजून परत कपाटात गेले. गोण्यांच्या शेडमध्ये तुम्ही पाऊलसुद्धा टाकलं नाही. बुटाला पिवळं लागलं असतं ना! मी बघत होते. शेडच्या खुंटीवर मीच टांगलेली होते.

मित्रांनो, तुम्ही दचकू नका. तुमच्यावर नाही चिडले. तुमच्याशी मी नीट बोलणार आहे.

मी एक जुनी घोंगडी आहे. आता माझी जागा गोठ्याच्या मागे, आढ्याला टांगलेल्या प्लास्टिकच्या पोत्यात आहे. तोंड सुतळीनं करकचून बांधलेलं. एके काळी मात्र माझ्यावर कोण झोपणार यावरून घरात भांडणं व्हायची. ती भांडणं आठवली की या पोत्यातसुद्धा मला ऊब येते.

माझा जन्म बावड्याचा, सन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा. तिथं बिरदेवआबा नावाचे मेंढपाळ होते. त्यांच्या सारजाचं लग्न ठरलं, तेव्हा त्यांनी ठरवलं की जावयाला सोनं देणं जमायचं नाही, पण घोंगडी अशी द्यायची की पंचक्रोशीत नाव निघालं पाहिजे. कोकरांच्या अंगावरून पहिल्यांदा कातरलेली लोकर असते ना, तिला जावळ म्हणतात. रेशमाच्या तोंडात मारेल इतकी मऊ. त्या काळ्याभोर जावळाचं सूत सारजानं स्वतः कातलं. कातताना ती गाणी म्हणायची नाही, सगळ्या बायका म्हणतात तशी. ती नवऱ्याला काय काय सुनवायचं याची तयारी करायची. "मला उगी बोलायचं न्हाय. मी बावड्याची हाय," असं ती सूत कातायच्या चातीलाच दम देऊन सांगायची. मग सणगराच्या मागावर मी विणली गेले. चिंचोक्याची खळ पिऊन ताठ झाले. कडेला पांढऱ्या सुताची दोन बोटं किनार. बिरदेवआबांनी मला हुंगलं आणि म्हणाले, "जावई उघडा ऱ्हायला तरी चालंल, पर ह्या घोंगड्याला गार लागू द्यायचं न्हाय."

जावई म्हणजे मल्हार. इंदापूर तालुक्यात, बारामतीच्या रस्त्याला लागून आमची वस्ती आहे. मल्हार उंच, हाडानं रुंद आणि बोलायला लाजाळू. लग्नाच्या मांडवात त्यानं मला खांद्यावर घेतलं. त्या दिवसापासून त्याच्या उजव्या खांद्याचा खळगा हे माझं घर झालं.

काय दिवस होते ते! मेंढरांमागं रानोमाळ. पावसात माझी खोळ करून तो डोक्यावर घ्यायचा, आणि लंगडं कोकरू असलं तर त्याला माझ्यात गुंडाळून छातीशी धरायचा. घरी आल्यावर त्याचा धाकटा भाऊ दादासो माझ्यावर झडप घालायचा. पाच वर्षांचं शेंबडं पोर. "वयनी, घोंगडं माझं हाय!" असं म्हणून तो माझ्यात गुरफटून असा झोपायचा की सकाळी त्याला उलगडून काढावं लागे. सासूबाई कुशाबाई म्हणायच्या, "लगीन अण्णाचं झालं आन घोंगडं ह्याला मिळालं."

मग चाऱ्याची रानं गेली. कालव्याचं पाणी आलं, माळावर ऊस उभा राहिला. उसात मेंढरू शिरलं की मारामारी. ब्याऐंशी साली मल्हारनं मेंढरं विकली. त्याच सुमाराला रस्त्याकडेच्या खडकाळ माळावर एक कारखाना उभा राहिला. कपड्यांना लागणारे रंग तिथं बनायचे. सारजाचा चुलतभाऊ महिपती तिथं मुकादम झाला होता. तो घरी आला आणि म्हणाला, "दाजी, मेंढरामागं किती दिस हिंडणार? सावलीतलं काम हाय. गोण्या उचलायच्या, पिपात वतायच्या, दांडक्यानं ढवळायचं. म्हैन्याच्या म्हैन्याला पगार."

महिपती वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. हे मी आधीच सांगून ठेवते. बहिणीचं घर चालावं म्हणूनच तो आला होता.

मल्हार कामाला गेला आणि मीही गेले. गोणी खांद्याला काचते म्हणून तो माझी चौपदरी घडी करून खांद्यावर टाकायचा आणि वर गोणी घ्यायचा. जेवणाच्या सुट्टीत मला अंथरून भाकरी खायचा आणि घटकाभर पडायचा. त्या गोण्यांत पिवळीधमक पावडर असायची. पिठाहून बारीक. गोणीवर नाव नाही, गाव नाही. नुसता एक आकडा, सात. कामगार तिला 'पिवळी' म्हणत. ओतताना पिवळीचा ढग उठायचा आणि घामावर बसायचा. हाताला चिकटली की राखेनं घासली तरी जायची नाही. नाकावर उपरणं बांधलं तर महिपती हसायचा, "दाजी, नवी नवरी हायसा काय?"

आठ दिवसांत माझ्या काळ्या अंगावर पिवळी झाक आली. मल्हारच्या बनियनवर आली, उशीवर आली. शेजारच्या भामाबाईला तर चेष्टेला विषयच मिळाला. ती ओट्यावरून ओरडायची, "काय ओ मल्हारराव, आज बी जेजुरी करून आलासा व्हय? आमचा परसाद कुठं हाय?"

आणि इथंच, मित्रांनो, आमच्या लोकांची चूक झाली. अशी चूक आमचेच लोक करू शकतात. खंडोबाचा भंडारा आमच्या लेखी देवाचं अंग. पिवळं म्हणजे शुभ. तळी भरताना घोंगडी अंथरायची, तिच्यावर भंडारा उधळायचा, आणि तो झटकायचा नाही. घोंगडी तर आधीच पवित्र. तिला कसला विटाळ नाही, म्हणून तिला पाणीही लावायचं नाही. एकदा सारजा मला रिठ्याच्या पाण्यात बुडवायला निघाली, तर कुशाबाईंनी तिचा हात धरला.

"आगं, घोंगडं धुत्यात व्हय? आन त्ये पिवळं. पिवळं आंगावर असावं. आपल्या मल्हारीच्या नावाचंच हाय म्हण."

"आत्या, ह्यो भंडारा न्हाय, कारखान्याची माती हाय."

"असू दे. रंग देवाचाच हाय."

सारजा हसली. सासूचं मन कशाला मोडा, असं तिला वाटलं असावं. तिनं मला धुतलं नाही. दर शनिवारी अंगणात दोरीवर टाकून ती मला काठीनं झोडपायची. माझ्यातून पिवळा ढग उठायचा. आणि एकोणनव्वद साली जन्मलेली तिची सुकन्या, जरा पायावर उभी राहिल्यापासून, त्या ढगात दोन्ही हात वर करून नाचायची. "येळकोट येळकोट!" सारजा काठी मारता मारता हसायची, कुशाबाई टाळ्या वाजवायच्या. नाचून दमली की सुकन्या माझ्यावरच झोपून जायची, तोंडात अंगठा घालून.

माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर देखावा तो. आणि सगळ्यात भयंकरही तोच. दोन्ही एकच निघावं, यासारखं दुःख नाही.

साहेब, तुम्हाला त्या पावडरीचं नाव ठाऊक होतं. नसेल, तर ते ठाऊक करून घेण्याचाच पगार तुम्हाला मिळत होता.

एक्याण्णव साली दादासो अठरा वर्षांचा झाला आणि तोही त्याच शेडमध्ये लागला. चिकटवलं महिपतीनंच. दोघं भाऊ एकाच सायकलवरून जायचे. मी मधे, दांडीवर घडी घालून. चार-पाच वर्षं मला दोघांचाही घाम लागला. मी खूश होते. खोटं कशाला बोलू!

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात मल्हारला लघवीतून रक्त गेलं. दुखलं नाही, खुपलं नाही. नुसती लाल लघवी. त्याला वाटलं, उन्हाळी लागली. धन्या-जिऱ्याचं पाणी पिऊन बघितलं. थांबलं. महिन्यानं पुन्हा गेलं, मग सब्जाचं पाणी, पुन्हा थांबलं. बायकोला सांगायची लाज. असे सात महिने गेले. शेवटी सारजानंच मोरीच्या दगडावर लाल बघितलं. कंबरेवर हात ठेवून तिनं विचारलं, "ह्ये कुणाचं?"

मल्हार खाली मान घालून उभा.

"कवापास्नं?"

"आखाडाच्या आधीपास्नं."

"आन मी मेली हुती व्हय?" एवढंच म्हणून तिनं पदर खोचला आणि दुसऱ्याच दिवशी त्याला इंदापूरला नेलं.

तिथं श्यामलाबाई नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. थंडीचे दिवस, म्हणून मल्हारनं मला पांघरलं होतं. त्यामुळं पुढचं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं. बाईंनी तपासलं, प्रश्न विचारले.

"बिडी ओढता?"

"व्हय. चार-पाच."

"आजपासून बंद. बिडीनंही हा रोग होतो, ते मी लपवणार नाही." मग बोलता बोलता बाईंची नजर माझ्यावर आली. "मल्हारराव, ही घोंगडी मूळची कुठल्या रंगाची?"

"काळी की. जावळाची हाय."

"मग ही पिवळी का?"

मग सारजानं हळूहळू सगळं सांगितलं. गोण्या, घाम, उशी. बाई ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"बिडीनं उशी पिवळी होत नाही, सारजाबाई," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी जे समजावलं, ते मी तुम्हाला सांगते. कारण ते मल्हारला तेरा वर्षं आधी कुणी सांगायला हवं होतं. रंगाच्या कारखान्यातली काही रसायनं अशी असतात की ती श्वासातून आत जातात, कातडीतूनही आत जातात. त्यासाठी चाखावं लागत नाही. रक्तातून ती मूत्रपिंडात येतात, आणि तिथून लघवीच्या पिशवीत. लघवी तासन् तास पिशवीत साठून राहते आणि विष पिशवीच्या अस्तराला लागत राहतं. आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. जुनी पेशी गेली की नवी येते, तीही मोजूनमापून. विषानं हे मोजमाप बिघडतं. मग पेशी वाढतच सुटतात, थांबतच नाहीत. यालाच कॅन्सर म्हणतात. तो एका दिवसात होत नाही, दहा-वीस वर्षं लागतात. आणि तो सगळ्यांनाच होतो असंही नाही. "म्हणून तर माणूस फसतो," बाई म्हणाल्या. "शेजारचा धडधाकट दिसतो, तेव्हा आपल्यालाही वाटतं, काही होत नाही."

मल्हारनं एकच विचारलं. "माझा धाकटा भाऊ तितंच हाय. पाच वर्सं झाली. त्याचं काय?"

बाईंनी चष्मा काढला. "त्याला आधी तिथून बाहेर काढा. आणि मला त्या पावडरीचं नाव आणून द्या. सगळीच रसायनं सारखी नसतात. नाव कळलं तर मला कळेल की भावाची कुठली तपासणी करायची, किती वर्षं करत राहायची. त्या शेडमधल्या बाकीच्यांचीही. आणि तुमच्या मुलीवर किती डोळा ठेवायचा, तेही."

निघताना त्यांनी माझ्याबद्दलही सांगितलं. "ही घरात ठेवू नका. जाळू नका, धूर पसरेल. ओढ्यात धुऊ नका, पाणी नासेल. जाड प्लास्टिकमध्ये बांधून माणसांपासून लांब ठेवा."

मला सांगा मित्रांनो, अठरा वर्षं ज्यांना ऊब दिली, त्यांच्यापासून लांब ठेवण्याची वस्तू मी झाले. मल्हारनं मला खांद्यावरून उतरवलं, तेव्हा त्याचा हात माझ्या किनारीवर थोडा वेळ थांबला. बस. तेवढ्यावर मी आजवर जगते आहे.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात मल्हारची पिशवी आतून खरवडून काढली. गाठ वेळेत सापडली. तो जिवंत आहे. दर तीन महिन्यांनी पुण्याला जातो, नळी आत घालून बघतात. तो दर वेळी आदल्या दिवसापासून जेवत नाही. भीतीनं.

पण दादासो काही ऐकेना. "अण्णा, तुला बिडीनं झालं. कारखान्याचं सायबबी त्येच म्हनत्यात. मी कुठं बिडी वडतो?" बरोबरच आहे, त्याचं लग्न ठरलेलं होतं. योगिनी नावाची मुलगी होती, कोऱ्हाळ्याची. तिच्या बापानं जावई कारखान्यात कायम आहे म्हणून मुलगी देऊ केली होती. नोकरी सोडली की लग्न मोडतं. तेवीस वर्षांच्या पोराला दहा वर्षांनंतरचा रोग दिसेल, की दोन महिन्यांनंतरचा मांडव?

कुशाबाई मात्र खचल्या. गोठ्यात येऊन माझ्या पोत्याखाली बसायच्या. "म्याच म्हनले हुते, धुऊ नगं. म्याच." एकदा सारजानं ते ऐकलं आणि शेणाची पाटी खाली आदळून ती म्हणाली, "आत्या, तुमी कारखाना काढला हुता व्हय? गोणीवरचं नाव तुमी काढलं हुतं व्हय? मग उठा. भाकरी खाऊन घ्या." सासूला दटावून तिनं तिचे डोळे स्वतःच्या पदरानं पुसले.

श्यामलाबाईंनी एक चिठ्ठी लिहून दिली होती, 'कृपया सात नंबरच्या रसायनाचे नाव कळवावे.' ती चिठ्ठी घेऊन सारजा तीन वेळा कारखान्याच्या दारात गेली. पहिल्यांदा पहारेकऱ्यानं हाकललं. दुसऱ्यांदा ऑफिसातून निरोप आला, 'धंद्याची गुप्त बाब आहे.' तिसऱ्यांदा महिपतीच बाहेर आला. "सारजे, उगी तमाशा करू नगंस. पिवळी म्हंजी हळदच समज. निर्धोक हाय. दाजींना बिडी भोवली."

त्यावर तिनं चिठ्ठीची घडी केली, कंबरेला खोचली आणि घरी आली. बावड्याची सारजा गप्प बसली की समजावं, काहीतरी घडणार.

शहाण्णवच्या एप्रिलात एके दिवशी सकाळी तिनं हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि माझं पोतं उतरवलं. आम्ही एसटीनं गेलो. ती, मल्हार आणि पोत्यात मी. दुपारी पाळी सुटण्याच्या वेळेला तिनं कारखान्याच्या फाटकासमोर पोत्याची सुतळी सोडली आणि काठीनं मला रस्त्याच्या कडेला पसरलं. किती दिवसांनी ऊन लागलं मला!

मल्हार सवयीनं माझ्यावर बसायला गेला.

"तुमी न्हाय," सारजानं त्याला मागं ओढलं. "तुमचं बसून झालंय."

पाळी सुटली. माणसं बाहेर आली, केसांपासून पावलांपर्यंत पिवळी. दादासोही आला. "वयनी, ह्ये काय मांडलंय?"

"तुझ्या मुकादमाला बोलीव."

महिपती आला. चाळीस माणसं बघून त्यानं हसत सुरुवात केली. "काय गं सारजे, बाजार मांडलास व्हय? कितीला दिलं घोंगडं?"

कुणी कुणी हसलं. सारजा नाही हसली.

"म्हैपतीदादा, आपल्यात भांडान मिटवायचं आसलं तर काय करत्यात?"

मागून एक म्हातारा कामगार, आबासाहेब, म्हणाला, "घोंगडं टाकत्यात. त्याच्यावर बसून जो बोलंल त्यो खरं बोलंल. खोटं बोलंल त्याचं वाटूळं."

"व्हय ना? मग दादा, ह्ये घोंगडं तुझ्याच चुलत्यानं दिल्यालं. माझ्या हातचं सूत हाय. तेरा वर्सं तुझ्या शेडात हुतं. बस ह्याच्यावर. आन म्हण, पिवळी निर्धोक हाय. यवढंच म्हण. मी घोंगडं गुंडाळून जाते, पुन्ना ह्या दारात यायची न्हाय."

"आगं पर..."

"हळदच हाय ना? मग बस की."

महिपती पुढं आला. वहाण काढली. पाय उचलला. त्याची सावली माझ्यावर पडली. मी वाट बघत होते, साहेब. अठरा वर्षं मी माणसांची वाट बघितली आहे, कुणाला टाळलं नाही. पण त्याचा पाय माझ्यावर आला नाही. तो तसाच हवेत राहिला आणि मागं गेला.

"बसा की मुकादम," दादासोच म्हणाला. थट्टेनंच म्हणाला. "आमी तर रोज अंगावर घेतो."

"न्हाय," महिपती म्हणाला. "न्हाय बसायचो मी. माझ्या घरात ल्हान पोरं हायती."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. चाळीस माणसं आपापल्या पिवळ्या हातांकडं बघत राहिली.

मग दादासो बोलला. "आन माझ्या अण्णाच्या घरात? आमची सुकी ह्याच्यावर निजायची, मुकादम. तुमी बगितलंय तिला निजल्यालं. तुमी तिच्या बारशाचं जेवलासा."

महिपती मटकन खाली बसला. माझ्यावर नाही, मातीत. मग एकेक बाहेर आलं. ऑफिसातल्या लोकांना कारखान्याच्या साहेबांनी कधीच सांगून ठेवलं होतं की गोण्यांच्या शेडकडं जाऊ नका, गेलात तर तोंड बांधा, घरी जायच्या आधी अंघोळ करा. मुकादमालाही सांगितलं होतं. खालच्यांना सांगू नको, काम थांबेल, असंही सांगितलं होतं. आणि महिपतीनं ऐकलं. बहिणीच्या नवऱ्याला 'नवी नवरी' म्हणून हसताना तो स्वतः कारखान्यातच अंघोळ करून घरी जात होता.

"नाव सांग," सारजा म्हणाली.

"देवाशपथ, नाव मलाबी म्हाईत न्हाय. गोण्या येत्यात तवाच लेबल फाडल्यालं आसतंय."

या वेळी तो खरं बोलत होता. सारजाला ते कळलं. तिनं त्याला शिवी दिली नाही. "ऊठ," म्हणाली, "हात धू आन घरी जा. पोरं वाट बगत आसतील."

दादासोनं दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये पाय ठेवला नाही. त्याच्याबरोबर चौघं सुटले. बाकीचे परत आत गेले. त्यांना दोष देऊ नका, मित्रांनो. आत जाणाऱ्याच्या घरीही चूल असते. योगिनीचा बाप लग्न मोडायला आला होता, पण पोरगीच म्हणाली, "मला नवकरी न्हाय करायची लग्नाला, मानूस करायचाय." दादासो आता रस्त्यावर टपरी टाकून सायकलची पंक्चर काढतो. त्याच्या हाताची पिवळी अजून पुरती गेलेली नाही.

सुकन्या सात वर्षांची आहे. मला हात लावायचा नाही हे तिला पक्कं सांगितलंय, म्हणून ती लांब गोठ्याच्या दारात उभी राहते आणि विचारते, "घोंगडे, तुला आत गार वाजतंय का गं?" मला बोलता येत नाही. आलं असतं तरी तिला म्हटलं असतं, बाळ, लांबच राहा. एखाद्यावर जीव असला की कधी कधी लांबूनच ठेवावा लागतो.

मित्रांनो, तुमचे वडील, काका, आई कुठं कामाला जातात? त्यांच्या कपड्यांवर कसली धूळ असते? विचारा. लाजू नका. ती धूळ झटकू नका, ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. वेगळे भिजवा, कामावरच अंघोळ करून या म्हणावं. ज्या गोणीवर नाव नाही ती घरात आणू नका, धान्याला नाही आणि अंथरायलाही नाही. रंग देवाचा असला तरी वस्तू देवाची असेलच असं नाही. हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला लवकर कळावं.

आणि आता तुम्ही, साहेब.

श्यामलाबाईंनी दादासोचा केसपेपर केला आहे. नाव, वय, गाव, कामाची वर्षं, सगळं भरलं आहे. पुढं एक ओळ आहे, 'कोणत्या रसायनाशी संपर्क?' तिथं त्यांनी पेन टेकवलं आणि उचललं. अशा सोळा जणांचे कागद त्यांच्या कपाटात आहेत. सोळा कागदांवर ती ओळ मोकळी आहे. सुकन्याच्या कागदावरही.

तुमची सही त्या वहीत आहे. तुमचं हुद्द्यासकट नावही आहे. आम्हाला ते नको आहे.

सात नंबर म्हणू नका. पिवळी म्हणू नका. गुप्त बाब म्हणू नका.

साहेब, त्या पावडरीचं नाव काय?